राजाचे घोडे आणि रिकामा खड्डा

त्या नाटकमंडळीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला कुजबुज म्हणत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, जमिनीत एक चौकोनी खड्डा होता आणि प्रेक्षकांना तो दिसू नये म्हणून त्यावर लाकडी टोप. खड्ड्यातल्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, डोक्याशी मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच वर सोडायचा, हे तिचं काम. तिची कुजबुज ज्या नटासाठी असे त्याच्याच कानात शिरायची, त्याला खेटून उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नसे. एकदा तर म्हणे मरून पडलेल्या सेनापतीला तिने शब्द पुरवला आणि तो बिचारा उठला, बोलला आणि पुन्हा मेला. तिची चूक नव्हती, तोच एक पान आधी मेला होता. खोटं वाटत असेल तर त्या सेनापतीला विचारावं. तो हल्ली विमा विकतो.

मंडळींचं पोट ज्या नाटकावर चालायचं त्यात एक हरलेला राजा होता. शेवटच्या अंकात शत्रू त्याचा तबेला घेऊन जातो आणि राजा एकेका घोड्याला नावाने हाक मारून निरोप देतो. वादळ, गारगोटी, हळवा, पिसाट, कापूर, भुरका... नावं संपता संपत नाहीत, आणि निम्म्यावर येईपर्यंत सगळं नाट्यगृह नाकं ओढायला लागलेलं असतं. राजाचं काम करणारे ते राजेसाहेब. सत्तरी उलटलेली, पण आवाज असा की जवळ उभं राहणाऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या वाजाव्यात. या माणसाला अख्खं नाटक पाठ होतं, दुसऱ्यांची वाक्यंसुद्धा. फक्त घोडे पाठ नव्हते. पहिल्या प्रयोगापासून नव्हते.

"वाक्याला वाक्य लागून येतं गं," ते तिला तेव्हा म्हणाले होते, "ही नुसती नावं. ह्यांना धरायचं कुठे? तबेला तूच सांभाळ."

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला एकेक घोडा खड्ड्यातून सुटायचा आणि राजेसाहेब त्याला वरच्यावर पकडायचे. दोन नावांच्या मध्ये हा माणूस किती थांबतो, त्या नुसत्या थांबण्यात केवढं दुःख आहे, असं जाणकार लिहायचे. ते दुःख नव्हतं, ते कान देणं होतं. पण हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आता कुजबुजची गोष्ट. पाळी जाऊन दोन-अडीच वर्षं झाली तेव्हा तिने मनातल्या मनात हुश्श केलं होतं. एक कटकट आयुष्यातून उठली. तर तिच्या जागेवर दुसरी येऊन बसली, विचारलं न पुसलं. लघवीला गेलं की अशी आग की डोळ्यांत पाणी. उठून चार पावलं टाकली की पुन्हा घाई, आणि धावत जावं तर चार थेंब. तेवढ्यासाठी एवढी धावपळ! डॉक्टरकडे जायचं तिच्या जिवावर यायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, पण हे सांगायला तिच्याजवळ एक शब्द नव्हता. मग नवऱ्याच्या दाढेसाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या, त्यांतल्या दोन दिवस घेतल्या. आग विझली. उरलेल्या तिने पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या, आणि पुढची वेळ वेळेवर आली. बरोबरीने तिने स्वतःचा एक शहाणपणा काढला. प्यायलं तर जावं लागतं, मग प्यायचंच नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर पडदा पडेपर्यंत घशाला कोरड. खड्ड्यातून मध्येच उठता येत नाही ना!

उठता येत नाही हे त्या दिवशी मूत्राशयाला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा अंक सुरू झाला होता. राजा म्हाताऱ्या नोकराशी बोलत होता. हे बोलणं लांबलचक होतं आणि राजेसाहेबांना ते झोपेतही येत असे. कुजबुजने दातांवर दात दाबले, मांडीवर मांडी घट्ट केली, पायाचे अंगठे वळवले. शेवटी मनाशी हिशोब केला, नोकराचं संपेपर्यंत जाऊन येते. संहिता स्टुलावर ठेवली, मागची झडप उघडली आणि रंगमंचाच्या पोटातून वाकत वाकत बोळात आली. बोळाच्या टोकाला बाथरूम.

बसली ती बसलीच. थेंब येईना आणि घाई जाईना. बोळात एक भोंगा लावला होता, नाटक कुठवर आलं ते कपडे बदलणाऱ्या नटांना कळावं म्हणून. त्यातून राजेसाहेबांचा आवाज आला, "वादळा, ये!" नोकराचं केव्हाच संपलं होतं.

"गारगोटी!"

ही दोन तेवढी त्यांना यायची. मग शांतता. कुजबुजला त्या शांततेतला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. तिने बंद दाराकडे बघून, मोठ्याने म्हटलं, "हळवा!" पुन्हा म्हटलं, "हळवा, हळवा!" उठली, तर कळ अशी आली की परत बसली. शांतता वाढत गेली.

"...दोरी!" राजेसाहेब म्हणाले.

समोर दिसेल त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली होती त्यांनी. "टोप! ये रे. कंदील! तूही निघालास?" पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं, तर पुढच्या घोड्याचं नाव खोकला. पहिल्यांदा एक जण हसला. मग रांगच्या रांग हसायला लागली. त्या प्रवेशात, जिथे लोक रुमाल काढायचे तिथे! कुजबुज भिंतीला हात टेकून आत बसली होती आणि भोंग्यातून ते हसणं तिच्या डोक्यावर ओतलं जात होतं.

ती परत खड्ड्यात शिरली तेव्हा पडदा पडत होता. कुणी तिला जाताना पाहिलं नव्हतं, येतानाही नाही.

राजेसाहेब सिंहासनावर बसूनच होते. मुकुट मांडीत. तिला बघून त्यांनी जवळ बोलावलं.

"अगं, दिलेस ना तू शब्द?"

एवढंच विचारलं. रागाने नाही, घाबरून. तिच्या भोवती नट उभे होते, दिवेवाले होते, दिग्दर्शक लांबून झपाझप येत होता. मी लघवीला गेले होते, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच मेलं.

"दिले होते," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

"मला एकही ऐकू आला नाही गं," राजेसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने दोन्ही कान तपासले आणि शाबासकी दिली, पंचविशीतल्या माणसाला असावेत असे कान आहेत! दुसरा कुणी असता तर नाचत घरी आला असता. राजेसाहेब चेहरा पाडून आले. कान शाबूत, शब्द दिलेला, तरी पोचला नाही, म्हणजे मधलंच काहीतरी निकामी झालं. मग त्यांनी डोक्याची डागडुजी काढली. खिशात सदा अक्रोड. पाढे उलटे म्हणत जिने चढायचे. उलट्या हाताने दात घासले की मेंदू तल्लख होतो असं कुणी सांगितलं, तर आठवडाभर हिरड्या सुजवून हिंडत होते. मंडळी तोंडावर धीर द्यायची आणि पाठ वळली की मान हलवायची.

पुढच्या प्रयोगांना ती जागची हलली नाही. घोडे व्यवस्थित सुटत होते, राजेसाहेब पकडत होते. पण आता ते मान वाकडी करून एक कान खड्ड्याकडे लावून उभे राहायचे, दाणा शोधणाऱ्या कोंबडीसारखे, आणि तो राजा राहिला नव्हता. पडदा पडला की तिला गाठायचे. "आज किती सोडलेस? मी सगळे धरले ना? नीट आठवून सांग हं." ती म्हणायची, सगळे धरलेत. आणि घरी जाऊन ताट पुढ्यात घेऊन नुसती बसायची. नवरा म्हणायचा, "कुणी मेलंय का?" ती म्हणायची, "अजून नाही."

दिग्दर्शक तरुण आणि चांगल्या स्वभावाचा होता, म्हणजे वाईट गोष्टीसुद्धा गोड आवाजात सांगायचा. "वय आहे, ताई. त्याला आपण काय करणार?" असं म्हणत त्याने द्वारपालाचं काम करणाऱ्या नटाला राजाची संहिता वाचायला दिली. द्वारपालाने मुकुट घालून बघितला. तो घसरून त्याच्या कानांवर अडकला.

हे सगळं बघून कुजबुजने काय करावं? पाणी आणखी तोडलं. आता उठायचंच नाही, जीव गेला तरी! आत कापडाच्या तीन तीन घड्या घालून ती खड्ड्यात उतरायची. ही शिक्षा तिने स्वतःला दिली होती आणि ती भोगताना तिला जरा बरंही वाटायचं. शेवटी एका दुपारी तिला हुडहुडी भरली, लघवीत लाल दिसलं आणि ती कपड्यांच्या खोलीत राजाच्या अंगरख्यावर आडवी झाली.

"ऊठ त्यावरून, आत्ताच इस्त्री केलीय," शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. मग तोंडातल्या टाचण्या काढून जवळ आल्या. कपाळाला हात लावला. "अगं बये, तू तर तापलीयेस. किती दिवस आग होतेय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पंधरा दिवस तू माझ्या चिंध्या पळवतेयस. मी काय आंधळी आहे? मलाही झालं होतं. चल, चप्पल घाल."

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. कुजबुज खुर्चीत बसून इतकं हळू बोलली की डॉक्टरांना टेबलावरून पुढे झुकावं लागलं. तिची प्रसिद्ध कुजबुज तिथे पोचली नाही. मावशींनीच मग सगळं सांगितलं, दाराबाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं.

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्यायलं की जावं लागतं."

"जायचंच असतं. मोरी धुवायची सोडली तर काय होतं? तसंच. आणि त्या दाढेच्या गोळ्या?"

"दोन दिवस घेतल्या. मग बरं वाटलं."

"बरं तुम्हाला वाटलं. आतले जंतू अर्धमेले झाले आणि शहाणे होऊन परत आले." डॉक्टरांनी लघवीची बाटली पुढे केली. "आधी तपासायला देऊ, मग कुठलं औषध चालतं ते कळेल. ताप आहे म्हणून आज एक सुरू करते. आणि यावेळी शेवटच्या गोळीपर्यंत. बरं वाटलं तरी."

"पण मलाच का सारखं? मी स्वच्छ राहते हो. रोज साबणाने..."

"साबण तिथे नको. नुसतं पाणी पुरे." डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे बघा, पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक आटतं. त्याने तिथली त्वचा पातळ होते, कोरडी पडते. जंतूंना अडवणारं पूर्वी जे होतं ते राहत नाही. तुमचा काही दोष नाही यात. हा ताप उतरला, तपासणी झाली, की तिथे लावायचं एक मलम देईन. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा, पण सोडायचं नाही. आणि दाबून धरायचं नाही. घाई झाली की उठायचं."

"उठले म्हणूनच तर सगळं झालं," कुजबुज म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टरांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी खांदे उडवले. तुमचा काही दोष नाही, हे वाक्य ऐकायला ती किती दिवस आसुसली होती, आणि मिळालं ते नेमकं चुकीच्या गोष्टीसाठी.

आग आठवडाभरात गेली. पाण्याची बाटली खड्ड्यात आली. दुखणं उतरल्यावर उरलं ते एकटं पाप, आणि दुखण्याचं पांघरूण निघाल्यामुळे ते जास्तच गारठायला लागलं. त्यात मावशींनी बातमी आणली की येत्या प्रयोगानंतर राजेसाहेब स्वतःच काम सोडणार आहेत. हार-तुरे, भाषण, सगळं ठरलंय. द्वारपालासाठी मुकुट घट्ट करायला मावशींकडे आलासुद्धा.

कुजबुज तडक रंगपटात गेली. राजेसाहेब आरशासमोर बसून दाढीला डिंक लावत होते. अर्धी दाढी हनुवटीवर, अर्धी हातात.

"मी नव्हते," ती म्हणाली.

"कुठे नव्हतीस?"

"खड्ड्यात. त्या दिवशी. मी बाथरूममध्ये होते. मला लघवीचा त्रास होता, उठताच येईना. शब्द दिलेच नाहीत मी. एकही नाही. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

राजेसाहेबांनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला, दाढी नव्हती त्या बाजूने आधी दिसला.

"उलट्या हाताने दात घासले मी!"

"हो."

"अक्रोड खाऊन खाऊन पोटाची वाट लागली. नातवाने पाढा विचारला तर मी रडलो, माहीत आहे तुला? आणि तू रोज मला सांगत होतीस, सगळे धरलेत म्हणून?"

"लाज वाटली," ती म्हणाली. "लघवी म्हणायची लाज वाटली. मग खोटं बोलल्याची वाटायला लागली. चला, मी दिग्दर्शकांना सांगते, आत्ता, सगळ्यांसमोर."

ती दाराकडे वळली, तर राजेसाहेबांनी तिचा पदर धरला. राजाने आजवर रंगमंचावरही असं काही केलं नव्हतं.

"काय सांगणार आहेस? की तू नव्हतीस म्हणून मी अडलो? तो विचारेल, मग ह्यांना घोडे येत नाहीत का? पहिल्या प्रयोगापासून येत नाहीत?" त्यांचा आवाज खाली आला. "म्हातारा झाला म्हणून जाऊ दे मला. त्याला हार घालतात. पाठांतर नव्हतं म्हटल्यावर काय घालतील?"

कुजबुजला वाटलं होतं की खरं बोललं की ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं, नुसतं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर आलं होतं. तिने पदर सोडवला नाही.

"मी फक्त माझं सांगते," ती म्हणाली. "घोडे तुमचे. ते मी कुणाला सांगणार नाही."

आणि तिने सांगितलं. रंगमंचावर, सगळी मंडळी जमली असताना. तिला मोठा आवाज नव्हताच, पण ते वाक्य शेवटच्या रांगेत झाडणाऱ्या माणसापर्यंत गेलं आणि त्याचा झाडू थांबला. "त्या प्रयोगाला मी लघवीला गेले होते आणि परत आले नाही. अडलेल्या नटाला शब्द मिळाला नाही. ती चूक माझी, आणि नंतर खोटं बोलले ती त्याहून मोठी." द्वारपाल हसला. मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकुटाचं माप द्यायला पुन्हा कधी आला नाही. दिग्दर्शक जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, आधी सांगायचं ना." मग विचार करून म्हणाला, "पण मग राजेसाहेबांनी..."

"नट अडतो," कुजबुज म्हणाली. "म्हणून तर मला पगार देता."

राजेसाहेबांचं काम राहिलं. हार परत पाठवला. पण तिच्याशी ते बोलेनात. पुढच्या प्रयोगापर्यंत ते दिसतील तिथे पुटपुटत होते, जिन्यात, चहा घेताना, दाढी लावताना. हळवा, पिसाट, कापूर. तिच्यावरच्या रागाने त्या माणसाने म्हातारपणी घोडे पाठ करायला घेतले होते.

प्रयोगाला शेवटच्या अंकाआधी निरोप आला, मावशींच्या तोंडून. "म्हणाले, माझ्या घोड्यांच्या वेळी तिला खुशाल जाऊन येऊ दे. मला लागणार नाही."

तिला जायची गरज नव्हती. ती खड्ड्यात बसून राहिली. संहिता उघडीच ठेवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. वर राजेसाहेब ताठ उभे होते, मान सरळ, कान कुणाकडेच लावलेला नाही. वादळ गेला. गारगोटी गेली. हळवा, पिसाट, कापूर, एकामागून एक निघाले, आणि तिच्या ओठांना प्रत्येक नावाचा आकार येत होता, आवाजाविना. तिला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी कुणीतरी घराची किल्ली परत मागून घेतल्यासारखं वाटत होतं.

कापूरनंतर राजेसाहेब थांबले.

थांबणं लांबलं. हा अभिनय की विसर? श्वासावरून तिला नेहमी कळायचं. आज कळेना. शब्द द्यावा तर त्यांचा अपमान, त्यांनी मेहनतीने मिळवलेलं पुन्हा हिरावून घ्यायचं. न द्यावा आणि ते खरंच अडले असले तर? पुन्हा तेच? रांगेत कुणीतरी खुर्चीत हललं. बोळातली ती शांतता तिच्या अंगावर पुन्हा चालून आली, आणि तिने राग, रुसवा, मान, सगळं बाजूला सारून वर शब्द सोडला.

"भुरका."

राजेसाहेबांनी सावकाश मान खाली वळवली. टोपाच्या फटीतून ते थेट तिच्या डोळ्यांत बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, अस्वस्थ जनावराला थोपटावं तसा हवेत हलवला, आणि भर नाट्यगृहात, हलक्या आवाजात म्हणाले,

"थांब गं. मी कुठे विसरलोय? पण तू आहेस ना, बघत होतो."

रुमाल निघाले. लोकांना वाटलं, तबेल्यात एक घोडी होती आणि ती निघायला तयार नव्हती.